खर्ड्याचा हुंकार

मी कोल्हापूरची. आमच्याकडे खर्डा म्हणजे तव्यावर रगडलेली मिरची, लसूण आणि मीठ. त्यामुळे या जानेवारीत मी "खर्ड्याला निघालेय" म्हटल्यावर शेजारच्या वहिनींनी "आमच्यासाठी पण डबा भरून आणा" असं सांगून टाकलं. मग त्यांना बसवून समजावलं की खर्डा हे नगर जिल्ह्यातलं, जामखेड तालुक्यातलं गाव आहे, तिथं किल्ला आहे, आणि तिथं मी एका आयरिश बाईला घेऊन एक भयंकर अवघड पुस्तक वाचून दाखवायला चाललेय. वहिनी म्हणाल्या, "तब्येत बरी आहे ना तुमची?"

तब्येत ठणठणीत होती. डोकंही ठिकाणावर होतं, निदान माझं तरी. फिनोलाचं मी सांगू शकत नाही.

फिनोला आयर्लंडची लेखिका. तिकडे रेडिओवरचा तिचा आवाज घराघरात ओळखतात. तिचं काम सांगायला सोपं: ज्या पुस्तकांना लोक घाबरतात, ती पुस्तकं ती लोकांना वाचून दाखवते. मासे विकणाऱ्या बायका, बसचे ड्रायव्हर, तुरुंगातले कैदी, कुणालाही. "कळत नाही? मग काय झालं?" असं ती म्हणते. "तान्ह्या बाळाला तरी कुठं कळतं? म्हणून आई त्याच्याशी बोलायची थांबते का?" साठीची बाई, ताडमाड उंची, हसली की टेबलावरचे कप वाजतात.

तिच्या देशातल्या एका कादंबरीचं मी मराठी केलंय, 'बांधावरचे दगड'. त्यातूनच आमची ओळख. गोष्ट एवढीशी आहे: दोन भाऊ, त्यांच्या रानांमध्ये रचलेल्या दगडांचा बांध, आणि तो बांध रोज कुणीतरी वीतभर सरकवतंय. पण सांगणारा कोण, हे लेखक सांगेल तर शपथ! कधी थोरला बोलतो, कधी धाकटा, कधी त्यांची मेलेली आई, कधी गाय, आणि एकाचं बोलणं कुठं संपलं नि दुसऱ्याचं कुठं सुरू झालं त्याची कसलीच खूण नाही. शेवटचं प्रकरण तर असं की मराठी करताना मी दोनदा तो गठ्ठा माळ्यावर टाकला होता.

तर एका थेट कार्यक्रमात तिकडच्या कुणा प्राध्यापकाने फिनोलाला डिवचलं. म्हणाला, "तुमच्या श्रोत्यांना पुस्तक नाही कळत, तुमचा आवाज आवडतो. ज्यांनी तुमचं नाव ऐकलेलं नाही, ज्यांना तुमची भाषा येत नाही, त्यांच्यापुढे हे शेवटचं प्रकरण ठेवा. बघू कोण बसतंय." फिनोला डोक्याने गरम आणि तोंडाने फटकळ. तिने तिथल्या तिथं सांगून टाकलं, "शेवटच्या ओळीपर्यंत बसतील. नाही बसले तर माझा कार्यक्रम बंद." धनुष्यातून सुटलेला बाण! सगळ्या देशाने ऐकलेला. रेडिओवाल्यांनीही तो आनंदाने झेलला, कारण त्यांना अशा तमाशासारखं दुसरं काय हवं असतं?

ते प्रकरण वाचणार मी, मराठीतून. रेकॉर्डिंग ती करणार. कोल्हापूर तिने नाकारलं, तुझ्या ओळखीचे लोक भिडेखातर बसतील म्हणून. पुणं मी नाकारलं. पुण्यात लोक कळलं नाही तरी कळल्यासारखे बसतात. शेवटी नगरच्या माझ्या मैत्रिणीने तीन ठिकाणं जमवून दिली, तिन्हींपैकी एका ठिकाणी जरी माणसं शेवटपर्यंत बसली तरी फिनोलाचा शब्द राहिला असं रेडिओवाल्यांशी ठरलं, आणि आम्ही निघालो.

नागापूर

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पाट्याही नव्या लागल्यात, पण आमचा ड्रायव्हर शेवटपर्यंत "नगर"च म्हणत होता. नागापूर म्हणजे शहराला लागून असलेली एमआयडीसी. तिथल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पहिलं वाचन. पहिली पाळी सुटलेली, माणसं हात-तोंड धुऊन, भांग पाडून आलेली. चहा, वर भजी. स्वागत उत्तम.

फिनोलाने पुण्यात छापून घेतलेले फलक भिंतींना चिकटवले: 'ध्वनिमुद्रण चालू आहे. कृपया शांतता राखावी.' पंखे बंद. फ्रीज बंद. मोबाईल बंद. एकाला खोकला येत होता, त्याला तिने गोड हसून बाहेर पाठवला. मग कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून तिने मला बोट वर करून खूण केली.

मी वाचायला लागले आणि समोरची माणसं दवाखान्याबाहेर नंबर लावून बसल्यासारखी बसली. हात मांडीवर, नजर फलकावर. दुसऱ्या पानाला एक जण चवड्यावर चालत बाहेर गेला. तिसऱ्या पानाला एक आख्खा बाक. जाताना बिचारे माझ्याकडे बघून हात जोडत होते, त्याने तर मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटच्या ओळीला कॅन्टीनमध्ये एकटे मॅनेजर उरले होते, आणि तेही कुलपाची किल्ली त्यांच्याकडे होती म्हणून.

"आवाज मात्र फार स्वच्छ आला," फिनोला गाडीत म्हणाली.

मी खिडकीची काच खाली केली. बोलले असते तर कोल्हापुरी बोलले असते.

सुपा

दुसऱ्या दिवशी सुपा. हे पुण्याच्या रस्त्यावरचं गाव, इथंही मोठी औद्योगिक वसाहत. एका वाचनालयाच्या हॉलमध्ये कामगार, त्यांच्या बायका, काही शिक्षक जमले होते. फिनोलाने रात्रीत विचार करून डाव बदलला होता. आज आधी गोष्ट समजावून सांगायची.

आणि काय सांगितली म्हणता! फळ्यावर तिने दोन भाऊ काढले, मध्ये दगड काढले, आईला ढगात बसवली. ती इंग्रजीत बोलायची, मी मराठीत धावत सुटायचे, आणि हॉल हसत होता. "तुमच्याकडे बांधावरून भांडणं होतात का?" असं तिने विचारलं तेव्हा एवढा गलका झाला की मला वाटलं, जिंकलो! एक बाई उभी राहून आपल्या दिराचं नाव, गाव, गट नंबर सगळं सांगायला लागली.

मग फिनोलाने फलक लावले, पंखे बंद केले, आणि वाचन सुरू झालं. संपलं की सगळं! तोच हॉल, तीच माणसं, पण जणू कुणी दिवे घालवले. जांभया लागल्या. कंपनीची बस आली तेव्हा तर मागचे लोक सुटकेचा निःश्वास टाकून पळाले. शेवटी उरलेल्या तिघांतला एक जण जवळ येऊन अगदी आपुलकीने म्हणाला, "म्याडम, ते आधीचं तुमचं सांगनं लई झ्याक झालं. मग मधीच ते वाचन कशाला घेतलं?"

त्या संध्याकाळी फिनोलाचं हसू पार मावळलं होतं. तिच्या आवडीची भेळ समोर होती आणि ती चुरमुरे मोजत बसल्यासारखी बसली होती. डब्लिनहून रेडिओवाल्यांचा फोन आला, तिने "छान चाललंय" म्हणून ठेवून दिला. मला म्हणाली, "मंदा, आता एकच जागा राहिली. तिथंही उठले, तर मी घरी जाऊन मायक्रोफोन बंद करणार. बोललेय मी. फिरवायचा नाही शब्द." तिचे डोळे भरले होते. मला राग आला. तिचा नाही, त्या प्राध्यापकाचा. एवढ्या लांबून हा मेला जिंकणार म्हणजे काय?

जामखेडचा रस्ता

नगरहून जामखेडला जाताना एक गंमत होते. नगर जिल्हा संपतो, बीड जिल्हा लागतो, आष्टी येते, आणि पुन्हा नगर जिल्हा सुरू होतो. फिनोलाला हे नकाशावर दाखवलं तर ती म्हणाली, "कुठल्या तरी भावाने बांध सरकवलाय." त्या सकाळचं तिचं पहिलं हसू.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी. आमच्याकडे ऊस बघून बघून माझे डोळे हिरवट झालेले, त्यांना ही पिवळसर, कोरडी, मोकळी रानं फार बरी वाटली. आमच्याकडे पाणी म्हणजे पंचगंगा दारात येऊन बसते. इथं माणसं विहिरीबद्दल घरातल्या आजारी माणसासारखं बोलतात. आमच्या ड्रायव्हरने वाटेत दोन जणांशी बोलताना आधी "पानी कसंय?" विचारलं, मग "पोरं कशी हायेत?"

आष्टीच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो आणि अनर्थ झाला. रेडिओवाले माइकला वाऱ्याचा आवाज लागू नये म्हणून एक केसाळ टोपी घालतात. करड्या रंगाची, दिसायला थेट घुशीसारखी. फिनोलाने ती उन्हात खाटेवर ठेवली होती. ढाब्यावरच्या कुत्र्याने ती घूस समजून उचलली आणि जी धूम ठोकली ती थेट ज्वारीत! मागे फिनोला, तिच्यामागे ढाब्याचा मालक लाटणं घेऊन, त्याच्यामागे मी. कुत्रं सापडलं, टोपीची एक चिंधी सापडली. मालक इतका ओशाळला की त्याने आम्हाला दुपारचं जेवण फुकट देऊ केलं. मी "राहू द्या हो, कुत्र्याचा काय दोष" म्हणाले, आणि फिनोला ज्वारीत उभी राहून पोट धरून हसत होती.

खर्डा

खर्ड्यात शिरताना आधी किल्ला दिसतो. डोंगरावरचा नव्हे, सपाटीवरचा, भुईकोट, बुरूज अजून ताठ. फिनोला तटाच्या दगडांवर हात फिरवत राहिली. दगड बघितला की ती अशीच करते, तिच्याकडे सगळे बांध दगडाचेच.

आमचे यजमान रशीदभाई बागवान, फळांचे व्यापारी. बुटके, गोल, सदा घाईत. त्यांच्या वखारीपुढच्या अंगणात वाचन ठेवलं होतं. "ताई, गावात सांगून ठिवलंय. माणसं येत्याल. बसत्याल का, ते मातर अल्लाला माहीत," हे त्यांनी दारातच सांगितलं. माइकच्या टोपीची कथा ऐकून त्यांनी आत जाऊन स्वतःची तपकिरी माकडटोपी आणली आणि माइकला घातली. बरोबर बसली. त्यातून माइक असा काही बघत होता, जणू कुणा आजोबांना थंडीत बसवलंय.

जेवण त्यांच्याकडेच होतं, मटण आणि बाजरीची भाकरी. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतून झाकलेलं पातेलं आलं, आणि पातेल्यामागून हिराबाई आल्या. या गावच्या माजी सरपंच. सत्तरीच्या, नऊवारी, नाकात नथ, नावावर ट्रॅक्टर आणि विहिरीसह बरीच जमीन, आणि आवाज असा की लाउडस्पीकरला लाज वाटावी.

"पाव्हनी रशीदची आसली तरी गावची बी हाय," त्यांनी जाहीर केलं. "शिपी आमटी आनलीय. मुकाट्यानं प्या."

शिपी आमटी ही या भागातली डाळीची, काळ्या मसाल्याची झणझणीत आमटी. कार्याला गावजेवण असलं की हीच. मी कोल्हापूरची असल्याने तिखटाच्या बाबतीत माझी मान ताठ असते. पहिल्या घोटाला मी ती तशीच ठेवली, दुसऱ्याला नाकातून पाणी आलं. हिराबाई बघत होत्या. "कोल्हापूर ना तुमचं? ऐकून हुते मी," एवढंच म्हणाल्या. फिनोलाने मात्र वाटी तोंडाला लावून संपवली आणि परत पुढं केली. हिराबाईंनी तिच्या पाठीत प्रेमाने एक धपका घातला. "ही आपली हाय!"

दुपार कलली तशी माणसं आली. अंगण भरलं, ओट्यावर बायका, मागे कांद्याच्या गोण्यांवर पोरंसोरं. फिनोलाने फलक काढला आणि वखारीच्या दाराला लावला. मी मनात म्हटलं, झालं, आता हेही जाणार. पण करते काय? वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य थोरल्याचं, बांधाकडे बघत.

"हंऽ," हिराबाई पहिल्या रांगेतून मोठ्याने म्हणाल्या.

फिनोलाने डोळे उघडले, बोट ओठांवर ठेवलं. मी दुसरं वाक्य वाचलं.

"हंऽ."

"हं," मागून रशीदभाई.

फिनोलाने रेकॉर्डिंग थांबवलं आणि हसून फलक दाखवला. हिराबाईंनी तो शांतपणे वाचला. मग माझ्याकडे वळल्या. "मंदाबाई, ही बाई मला गप बस म्हनती का?"

मी घाईघाईने सांगितलं, तसं नाही हो, रेडिओचं यंत्र आहे, दुसरे आवाज आले की बिघडतं.

"आवो पन हुंकार न्हाई, तर गोष्ट सांगताय कुनाला? भितीला?"

रशीदभाई मध्ये पडले. त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. श्रावणात गावात पोथी लागते. एक जण वाचतो, एक अर्थ सांगतो, आणि बाकीचे हुंकार देतात. प्रत्येक ओळीला. हुंकार आला म्हणजे पोचलं. हुंकार अडला म्हणजे कुणाला तरी कळलेलं नाही, मग वाचणाऱ्याने थांबायचं, मागं यायचं. "हुंकार बंद पडला आन् तुमी तसंच पुढं वाचत गेला, तर त्यो ऐकनाऱ्याचा अपमान हाय, ताई. म्या ल्हानपनापासनं त्या पोथीला बसतोय. मला कुनी आजवर गप म्हनलं न्हाई."

"मी जाते," हिराबाई उठल्या. पदर झटकला. "मुक्यानं बसून ऐकायला ह्ये काय कोरट हाय?"

त्यांच्यामागे ओट्यावरच्या दोन बायका उठल्या. मग चार.  हिराबाई उठल्या म्हणजे अर्धं अंगण उठणार, आणि अंगण उठलं म्हणजे कार्यक्रम बुडाला. मी फिनोलाला भरभर इंग्रजीत सगळं सांगितलं, पोथी, अर्थ, हुंकार, अपमान. 

फिनोला ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत चालला होता. मी वाक्य पूर्ण करायच्या आत ती ओरडली, "अगं, आमच्याकडे होतं हे! माझ्या आईच्या गावाला! म्हातारे चुलीपाशी गोष्ट सांगायचे आणि ऐकणारे असंच मध्ये मध्ये बोलायचे, 'वाहवा', 'देव भलं करो', 'पुढं काय, पुढं काय'! मंदा, मी विसरलेच होते! रेडिओ आला आणि आम्ही सगळ्यांना गप्प बसवलं!"

आणि तिने काय करावं? रेकॉर्डिंग परत चालू केलं आणि हेडफोन काढून कांद्याच्या गोणीवर फेकला. वखारीच्या दारावरचा फलक टर्रकन ओढून काढला, जमिनीवर पालथा घातला आणि त्याच्यावर फतकल मारून बसली, हिराबाईंच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर. हात जोडून वर बघून मराठीत, जेवढी चार अक्षरं मी तिला शिकवली होती त्यांतली दोन वापरून म्हणाली, "बाई. बसा."

हिराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. बघतायत.  मग त्या बसल्या. "वाचा," मला म्हणाल्या. "पयल्यापासनं."

मी पहिल्यापासून वाचलं. काय सांगू तुम्हाला! आजवर मी वर्गात, सभांत, आकाशवाणीवर, कुठं कुठं वाचलंय, पण असं कधी वाचलं नव्हतं. प्रत्येक वाक्याला अंगणभर "हंऽ" उठायचा आणि तो मला पुढच्या वाक्यावर नेऊन सोडायचा. कुणी बोलणारा बदलला की हुंकार अडायचा. मी थांबायचे. "आता कोन बोलतंय?" हिराबाई विचारायच्या. "धाकटा!" ओट्यावरून. "ह्या! धाकटा आसा गोड बोलंल व्हय? थोरला हाय. मनात काळं हाय म्हनून गोड बोलतोय." मग वाद. मग मी परत वाचायचे. मग दहा माणसं एकदम, "हांऽ, थोरलाच!" आणि गाडी पुढं.

एका जागी तर मोठीच अडचण झाली. तिथं गाय बोलते, पण ती गाय आहे हे पुस्तक सांगत नाही. अंगणाने तिला धाकट्याची बायको ठरवून टाकली. रशीदभाई म्हणाले बायको, हिराबाई म्हणाल्या बायको, सगळे म्हणाले बायको, पण पुढच्या ओळीला हुंकार काही येईना. बायको असेल तर जुळेना. मी फिनोलाकडे बघितलं. तिला मराठी येत नाही, पण पुस्तक पानन् पान पाठ, आणि कुठं अडलंय ते तिने सुरावरून ओळखलं.  तिने नुसती मान खाली घातली, जबडा आडवा फिरवत रवंथ करायला लागली आणि एका डोळ्याने हिराबाईंकडे बघितलं.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग ओट्यावरची एक सून किंचाळली, "आगं बया, गाय!" आणि ते अंगण जे हसत सुटलं! रशीदभाई गोणीवरून घसरले. हिराबाई नथ सांभाळत हसत होत्या, "आन् आमी तिला बायकू केली! आरं देवा!" फिनोला अजून रवंथ करत होती, थांबायचं नाव नाही. एवढी मोठी लेखिका. हसून हसून माझ्या चष्म्यावर पाणी आलं, वाचता येईना.

असं करत शेवटच्या पानांवर आलो आणि दिवस मावळतीला आला. तेव्हा मला मागे चुळबूळ ऐकू आली. माणसं आभाळाकडे बघत होती, एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. लांबून गाईंचं हंबरणं यायला लागलं. मी वाचता वाचता रशीदभाईंकडे बघितलं, त्यांनी कपाळाला हात लावला. "धारंची येळ झाली, ताई. दूध डेअरीला घालायचं आसतं. टायमाला न्हाई नेलं तर डेअरी बंद हुतीया."

अरे देवा! इतकं सगळं केलं, आणि गाईच्या धारेपायी जाणार? एक म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या बेतात होता. मी फिनोलाला सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक.  गाईला तर ती थांब म्हणू शकत नव्हती.

हिराबाईंनी मागे मान वळवली. अंगणावरून नजर फिरवली आणि एका जागी ती थांबली. "आरं सोपाना," त्या ओरडल्या, "तू हितं बसलायस न्हवं का?"

गोण्यांवर बसलेला एक तगडा तरुण दचकला. "व्हय काकू."

"आरं मग डेअरी उघडनार कोन?"

अंगण त्याच्याकडे वळलं. सोपान डेअरीवाला होता. गावचं दूध रोज त्याच्याच हाती जातं. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मांडी नीट घालून बसत म्हणाला, "मी उठंस्तवर डेअरी काय उघडत न्हाई. त्या धाकट्याचं काय हुतंय त्ये कळल्याबिगर मी काय उठत न्हाई. वाचा, बाई, तुमी."

गुडघ्यावर हात ठेवलेला म्हातारा परत टेकला. "वराडू द्या मग जनावरं वाईच," म्हणाला.

मी वाचलं. रशीदभाईंनी वखारीवरचा दिवा लावला. शेवटी दोघं भाऊ बांधाच्या दोन बाजूंना उभे असतात आणि थोरला एक दगड उचलतो. तो कुठं ठेवतो ते लेखक सांगत नाही. धाकटा फक्त म्हणतो, "जड आहे, मला एका बाजूने धरू दे." ही शेवटची ओळ. मी ती वाचली आणि पुस्तक मिटलं.

हुंकार आला नाही. मी घाबरले. मग हिराबाईंच्या घशातून एक लांब, खोल "हंऽऽऽ" निघाला, आणि त्यांच्यामागून सबंध अंगणातून, ओट्यावरून, गोण्यांवरून. एकही माणूस हललेला नव्हता.  फिनोला उठली, मला मिठी मारली, रशीदभाईंना मारली, ते लाजून लाल झाले, मग माइकवरच्या माकडटोपीचा मुका घेतला. तिथूनच तिने डब्लिनला फोन लावला आणि सगळ्या गावादेखत ओरडली, "बसले! शेवटच्या ओळीपर्यंत बसले! सांगा त्याला! गाईंना ताटकळत ठेवून बसले!" पलीकडे कोण होतं कोण जाणे, पण टाळ्यांचा आवाज मलाही ऐकू आला. जिंकलो होतो. निखळ, रोख जिंकलो होतो.

सोपान तोवर डेअरीकडे पळत सुटला होता आणि त्याच्यामागून अर्धा गाव. हिराबाई बसून होत्या. फिनोलाने माइक त्यांच्यापुढे धरला आणि मला विचारायला सांगितलं. कार्यक्रमात ती शेवटी हा प्रश्न सगळ्यांनाच विचारते, मासेवालीला, कैद्याला, सगळ्यांना.

"हिराबाई," मी विचारलं, "अवघड वाटलं का हो?"

हिराबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी विहिरीवर येऊन पाणी ओलं आहे का विचारलं होतं.

"आवघड तर हायच की," त्या माइकमध्ये, साऱ्या आयर्लंडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "सोपं आसतं तर ज्येनं त्येनं आपापल्या घरी बसून वाचलं नसतं का? आवघड हाय म्हनून तर समद्यांनी मिळून बसायचं."